धार काढायचं मशीन कधी बदलायचं? काय बदलायचं आणि काय नाही?

पुणे शहरात रोज येणारं बरंचसं दूध जुन्नर, आंबेगाव, शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांतल्या गोठ्यांतून येतं. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला 'बाएफ' ही संस्था सुरू केली. तिच्या संकरित पैदाशीच्या कामानंतर या भागात जास्त दूध देणाऱ्या संकरित गायी वाढल्या. दहा-पंधरा गायींची दोन वेळची धार हाताने काढणं अवघड, त्यात मजूर मिळत नाहीत. म्हणून गोठ्यात मिल्किंग मशीन आलं.

मंचरच्या भाग्यलक्ष्मी डेअरी फार्ममध्ये गायी गोल फिरणाऱ्या प्लॅटफॉर्मवर उभ्या राहतात. छोट्या गोठ्यात कॅन असलेलं बकेट मशीन असतं. पण दोन्हीकडे गायीच्या सडाला प्रत्यक्ष लागतो तो लायनर. आणि बदलायला सगळ्यात जास्त उशीर होतो तोही त्यालाच.

मशीन काम कसं करतं?

व्हॅक्यूम पंप हवा ओढून घेतो, त्यामुळे सडातून दूध खेचलं जातं. पण खेचणं सतत चालू राहिलं तर सडात रक्त साकळतं. म्हणून पल्सेटर मिनिटाला साधारण ६० वेळा लायनर उघडतो आणि मिटवतो. उघडला की दूध येतं, मिटला की सडाला मालिश होते.

रबर जुनं झालं की लायनर पूर्ण मिटत नाही. मालिश थांबते, सडाचं टोक कडक होतं. रबराच्या बारीक भेगांत दुधाची चरबी आणि जंतू साठतात. तिथून कासदाह, म्हणजे गोठ्यातल्या भाषेत दगडी, होण्याचा धोका वाढतो.

लायनर कधी बदलायचा?

फाटेपर्यंत थांबायचं नाही. रबरी लायनरसाठी सर्वसाधारण नियम आहे: २,५०० धारा किंवा ६ महिने, यांपैकी जे आधी होईल ते. सिलिकॉनचा लायनर जास्त टिकतो, त्यासाठी कंपनीने दिलेला आकडा पाहावा.

हिशेब सोपा आहे. एक युनिट, १० गायी, दोन वेळची धार म्हणजे दिवसाला २० धारा. २,५०० भागिले २० म्हणजे १२५ दिवस. म्हणजेच सुमारे चार महिने. गायी १५ झाल्या तर ८३ दिवसच. बदलल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवली की विसर पडत नाही. चारही लायनर एकदम बदलावेत.

बाकीच्या भागांचं काय?

पल्सेटर: मशीन चालू करून एका लायनरमध्ये अंगठा घालावा, बाकीचे तीन बंद ठेवावेत. ठोके एकसारखे जाणवले तर ठीक. अडखळत असतील तर आधी साफ करावा. तरीही फरक नसेल तर दुरुस्त करावा किंवा बदलावा.

पंप: डायलवर साधारण ४० ते ५० किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे ३०० ते ३७५ मिलिमीटर दिसावेत. नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो. काटा कमी दाखवत असेल तर आधी पाइपची गळती, पट्टा आणि ऑइल तपासावं. बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो.

नळ्या: कडक झाल्या, चिरा पडल्या किंवा आतून चिकट लागल्या की बदलाव्यात.

गाय काय सांगते?

मशीन लावताच लाथ मारणं, धारेला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणं, काढल्यावर सड लाल-निळे दिसणं किंवा सडाच्या मुळाशी वळ उठणं, ही लक्षणं दिसली की मशीन तपासावं. युनिट सारखं घसरत असेल तरीही.

मग अख्खं मशीन कधी बदलायचं?

सुटे भाग मिळेनासे झाले, पंप दुरुस्तीनंतरही दाब टिकवत नसेल किंवा गायी वाढल्यामुळे पंपाची ताकद अपुरी पडत असेल, तेव्हा. स्टीलचा कॅन नीट वापरला तर वर्षानुवर्षं टिकतो.

लायनरचा खर्च टाळला तर तो दुसरीकडून निघतो. दगडी झाली की दूध घटतं आणि औषधोपचार करावे लागतात. अँटिबायोटिक दिलं तर औषधावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत दूध डेअरीला घालता येत नाही. ते घातलं, तर औषधाचा अंश ग्राहकाच्या पेल्यापर्यंत जाऊ शकतो. आणि आजार बळावला तर सड कायमचा निकामी होऊ शकतो. लायनर नवा आणता येतो, सड नाही.