कारभारी बदलताना

२०२५ सालच्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, घरोघरच्या असंख्य जुन्या लॅपटॉपांचा एक आधार गेला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीची नेहमीची देखभाल त्या दिवशी थांबवली. यंत्रं काही बंद पडली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्वीसारखीच सुरू झाली. फक्त दाराची कुलपं तपासायला येणारा पहारेकरी यायचा बंद झाला. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत देऊ केली. पण मुदत म्हणजे मुदत. ती केव्हातरी संपायचीच.

आता आपण म्हणाल, मग नवी विंडोज ११ घालावी, त्यात काय मोठंसं? अडचण अशी की २०२१ साली निघालेली ही प्रणाली जुन्या यंत्रांना घरात घेत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण २०१७ च्या अखेरीनंतरच्या पिढीचा लागतो. त्याआधीचं यंत्र कितीही धडधाकट असो, ते अपात्र. आणि अशी यंत्रं असतात कुणाकडे? मुलाने नवा लॅपटॉप घेतला की जुना वडिलांकडे येतो, हा आपल्याकडचा रिवाज आपल्यालाही ठाऊक असेलच.

माझ्या मामांकडे असाच एक लॅपटॉप आहे. मामेभावाने २०१३ साली घेतलेला, चार जीबी मेमरीचा. मामांचं वय अठ्ठ्याहत्तर. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचा जमाखर्च ते गेली दहाबारा वर्षं या यंत्रावर ठेवत आले आहेत. वर्गणी, अनामत, पुस्तकखरेदी, बांधणीचा खर्च, सगळं काही. त्या ऑक्टोबरात त्यांनी मला विचारलं, "अरे, हे असं सारखं काहीतरी लिहून येतंय, काय करू?" मी मोठ्या उत्साहाने गेलो आणि मला स्वतःला फार आवडणारी एक लिनक्स प्रणाली त्यावर बसवून आलो. दिसायला देखणी. पट्टी डाव्या कडेला उभी, आणि बाण कोपऱ्यात नेला की सगळ्या खिडक्या पत्त्यांसारख्या पसरायच्या. मामा म्हणाले, "छान आहे हो."

संक्रांतीला पुन्हा गेलो, तेव्हा लॅपटॉपवर विणलेला रुमाल घातलेला होता आणि मामा लांबट वहीत रेघा मारून बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "यंत्र चांगलं आहे रे. माझंच डोकं आता चालत नाही."

हे वाक्य मला लागलं. डोकं चालत नव्हतं ते माझं. आणि मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण ज्याला आपण 'सोपी प्रणाली' म्हणतो तिचा सगळा इतिहासच याची साक्ष देतो. तो थोडा सांगतो.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्रातला कारभारी. वाड्याच्या मालकाने नुसतं "पाहुण्यांना जेवण" म्हणावं आणि कोठी उघडणं, पाणी भरणं, पानं मांडणं हे सारं कारभाऱ्याने पाहावं, तसंच हे. आपण एक कळ दाबतो; ते अक्षर पडद्यावर काढणं, डिस्कवर जपून ठेवणं, सांगितलं तर छपाईयंत्राकडे धाडणं ही कामं तो करतो. सुरुवातीचे कारभारी मोठे करडे होते. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्सची पायाभरणी केली, ती प्रणाली नेमक्या शब्दांत हुकूम मागायची. एक अक्षर चुकलं की काम अडलं. ती विद्वानांसाठी होती, आणि विद्वानांची तिच्याविषयी तक्रार नव्हती.

सामान्य माणसाची सोय दुसऱ्या वाटेने आली. डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत माउस चालवून दाखवला. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात आल्टो नावाचा संगणक तयार झाला, आणि पडद्यावर खिडक्या उघडू लागल्या. याच कंपनीने १९८१ साली आपल्या स्टार या यंत्राच्या पडद्यावर चक्क लिहिण्याचं टेबल मांडलं: त्यावर कागद, कागदांचे फोल्डर, फायलींचं कपाट. कल्पना अशी की कारकुनाला जे ठाऊक आहे, तेच त्याला काचेमागे दिसावं. १९८४ चा ॲपलचा मॅकिंटॉश हीच कल्पना लोकांपर्यंत घेऊन गेला. आणि १९९० साली विंडोज ३.० बरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर आला. पत्ता पकडून ओढायचा आणि दुसऱ्या पत्त्यावर सोडायचा, या निमित्ताने लोकांचा हात माउसवर बसावा असा त्यात हेतू होता, असं सांगतात. असेलही. आमच्या ओळखीच्या निम्म्या कचेऱ्यांत माउसचं शिक्षण याच शाळेत झालं!

मग २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली. खाली आडवी पट्टी, डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट'चं बटण, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. या मांडणीवर एक अख्खी पिढी बसली. विंडोज एक्सपी (२००१) आणि विंडोज ७ (२००९) यांत रंग बदलले, कोपरे गोल झाले, पण बटण आपल्या जागी राहिलं. म्हणजे सतरा वर्षं. तेवढ्या काळात हात जे शिकतो ते हात विसरत नाही. टंकलेखन यंत्रावर ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांना विचारा. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी 'क' कुठे आहे हे त्यांची बोटं सांगतील.

आणि मग घराची फेररचना करण्याची लाट आली. एप्रिल २०११ मध्ये लिनक्सच्या जगातली ग्नोम नावाची फार प्रचलित पडदामांडणी तिच्या कर्त्यांनी मुळापासून बदलली. त्याच महिन्यात उबुंटूनेही आपली पट्टी डाव्या कडेला उभी केली. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ निघाली आणि तिच्यात स्टार्टचं बटणच नाहीसं झालं! बोटाने चालवायच्या पाट्यांसाठी केलेली मांडणी टेबलावरच्या संगणकांवर आली. ओरड इतकी झाली की वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, बटण परत आणावं लागलं, आणि जुन्या वळणाची यादी परतायला २०१५ ची विंडोज १० उजाडावी लागली. विंडोज ११ ने बटण पुन्हा हलवून पट्टीच्या मधोमध बसवलं. ते डावीकडे नेता येतं म्हणा, पण कुठे जाऊन, हे म्हाताऱ्या माणसाला कोण सांगणार?

या लाटेतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकीत ज्याने विद्यार्थिदशेत लिहिला, तो लायनस टॉरव्हाल्ड्स स्वतः २०११ साली नव्या ग्नोमवर जाहीरपणे चिडला आणि ती सोडून एक्सएफसीई नावाच्या साध्यासुध्या मांडणीकडे गेला. पुढे काही काळाने तो परतलाही. पण पाहा, ज्याने कारभारी घडवला तो एक्केचाळिसाव्या वर्षी बदललेल्या घरात चाचपडला आणि दोष घराला देऊन मोकळा झाला. आमचे मामा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चाचपडले आणि त्यांनी दोष स्वतःला दिला.

लोकांचं असं चाचपडणं पाहून काहींनी उलट वाट धरली. लिनक्स मिंट ही प्रणाली २००६ साली क्लेमाँ लफेव्ह्र यांनी सुरू केली होती. २०११ च्या बदलानंतर तिच्या मंडळींनी जुन्या वळणाची स्वतःची सिनॅमन ही मांडणी रचली. अर्जेंटिनातल्या एका माणसाने जुनी ग्नोम जिवंत ठेवायला माटे नावाची मांडणी काढली. नाव तिथल्या लोकांच्या आवडत्या पेयाचं. एक्सएफसीई तर १९९६ च्या सुमारास ऑलिव्हिए फुर्दां या फ्रेंच गृहस्थाने सुरू केलेली. ती फार खातही नाही आणि फार बदलतही नाही. या तिन्ही मांडण्या मिंटबरोबर मिळतात, आणि तिन्हींत बटण खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या कोपऱ्यात.

खाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. विंडोज ९५ चार एमबी मेमरीत कशीबशी चालायची. विंडोज ११ ला किमान चार जीबी हवी. सव्वीस वर्षांत कारभाऱ्याची भूक हजारपट वाढली. मिंट दोन जीबीवर चालते, चारवर सुखाने. तरीही जुनं यंत्र रखडतं त्याचं कारण पुष्कळदा प्रणाली नसून आतली फिरती हार्ड डिस्क असते. ती काढून एसएसडी बसवली की यंत्राला नवा जन्म मिळतो. मामांच्या लॅपटॉपला मी आधी हे करायला हवं होतं. तेही मी दुसऱ्या खेपेला केलं.

त्या दुसऱ्या खेपेची हकिगत अशी. मी काही बसवायच्या आधी मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही हिशेब कसा उघडत होता, ते नुसतं करून दाखवा." पडद्यावर माझी ती देखणी मांडणी होती. मामांनी माउस धरला, आणि बाण सरळ खाली डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे काहीच नव्हतं. हात आधी गेला होता, डोळे मागून आले. मग ते थांबले आणि ओशाळं हसले.

मी पेनड्राइव्हवर मिंटची एक्सएफसीई मांडणी घेऊन गेलो होतो. लिनक्समध्ये ही सोय फार चांगली आहे. डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहता येते. क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थांनी २००० साली सीडीवरून चालणारी क्नॉपिक्स काढली, तेव्हापासून ही पद्धत लोकप्रिय झाली. तेव्हा आपणही घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी निवड करणार असाल, तर आधी असं तासभर त्यांच्या हातात द्या आणि आपण गप्प बसा. गप्प बसणं अवघड असतं, हे अनुभवाने सांगतो.

काही गोष्टी मात्र आधीच पाहाव्या लागतात. यंत्र ३२ बिटचं असेल तर मिंटची मुख्य आवृत्ती २०२० पासून त्यावर बसत नाही. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ पासून असलेल्या जीवन प्रमाण या सोयीचं संगणकावरचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहे. ते काम आता फोनवर चेहरा दाखवून होतं, हे मामांना समजावून सांगावं लागलं. आणि मराठी माणसापुढे एक अडचण खास आपली: जुने फॉन्ट. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोजमध्ये तिची सोय २००० च्या आवृत्तीपासून झाली, पण त्याच्या आधी आणि नंतरही कित्येक वर्षं आपण ज्या फॉन्टांत लिहीत होतो त्यांत यंत्राच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असत. फक्त त्यांचे आकार देवनागरी. तो फॉन्ट नसलेल्या प्रणालीत फाइल उघडली की वाचनालयाचा अहवाल इंग्रजी अक्षरांचा काला होऊन समोर येतो. मामांच्या अशा अकरा फायली निघाल्या. प्रणाली बदलायच्या आधी त्या युनिकोडमध्ये करून घ्याव्यात. मी नंतर केल्या आणि दोन रात्री जागलो. टंकनाची मात्र काळजी नको. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजवर आणि लिनक्सवर सारखाच आहे, बोटांना काही नवं शिकावं लागत नाही.

आपण विचाराल, सर्वांनाच मिंट द्यावी का? नाही. माझ्या मावशीने आयुष्यात संगणक वापरला नव्हता, फक्त फोन. तिच्या हाताला डाव्या कोपऱ्याची सवयच नाही. तिला बातम्या वाचायच्या, नातवंडांशी बोलायचं आणि कीर्तनं ऐकायची. तिच्या जुन्या लॅपटॉपवर २०२२ साली आलेली गुगलची क्रोमओएस फ्लेक्स मी घातली, तीही चार जीबी मेमरीवर चालते. ब्राउझर हेच तिचं सगळं घर. इंटरनेट गेलं की बरंचसं अडतं, आणि फोनवरची ॲप्स तिच्यात चालत नाहीत. मावशीची त्याबद्दल काही तक्रार नाही. मामांना हीच प्रणाली दिली असती तर "माझा हिशेब कुठे गेला?" म्हणून ते दिवसभर शोधत बसले असते.

मामांच्या पडद्यावर आता चारच चित्रं आहेत. त्यांतलं पहिलं 'जमाखर्च'. त्यामागे लिब्रेऑफिस आहे, ते त्यांच्या जुन्या एक्सेलच्या फायली उघडतं, पण त्याचं नाव त्यांना मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. बाण कोपऱ्यात गेला, यादी उघडली, आणि मामा काही न बोलता कामाला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा पिऊन आलो तरी मान वर नाही. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "डिसेंबरच्या वर्गणीत साडेतीनशेचा फरक येत होता बघ. वहीत तीनदा बेरीज केली, सापडेना. आत्ता सापडला. एक पावती दोनदा धरली होती." आणि मला पावतीपुस्तक आणायला माडीवर पिटाळलं.