लाइफलाइन, शिडाच्या नौकेवरील : नौकेच्या कडेने उभ्या खांबांमधून ओवलेल्या, माणूस समुद्रात पडू नये म्हणून ताणलेल्या तारेचा किंवा दोराचा कठडा. वर्ल्ड सेलिंगच्या खोल समुद्रातील शर्यतींच्या नियमांनुसार ८.५ मीटर व त्याहून लांब नौकांवर वरची ओळ डेकपासून किमान ६०० मिमी. उंच असावी लागते.

या कठड्यासाठी पूर्वापार स्टेनलेस स्टीलची तार वापरली जाते. ती घासली तरी लवकर झिजत नाही आणि उन्हाला दाद देत नाही. तिचा धोका टोकाशी असतो. तार जोडतुकड्यात शिरते तिथे खारे पाणी साचून आतून गंज धरतो. बाहेर दिसते ती फक्त तपकिरी रेघ. तपासताना तारेवरून कापसाचा बोळा फिरवावा. धागे अडकले तर तिथली एखादी बारीक तार तुटलेली असते. प्लास्टिकचे वेष्टन हाताला मऊ लागते, पण गंज लपवते. म्हणून उघडी तारच बरी.

तारेऐवजी वापरला जाणारा डायनीमासारखा कृत्रिम दोर त्याच जाडीच्या तारेइतका किंवा अधिक मजबूत, वजनाने कितीतरी हलका आणि पाण्यावर तरंगणारा असतो. तो हातानेच गुंफून बसवता येतो, गंजत नाही. मात्र ऊन आणि घर्षण त्याला खातात, ताणाखाली तो हळूहळू लांबतो. जुन्या तारेने खांबांच्या भोकांत पाडलेल्या धारदार कडा गुळगुळीत न करता दोर ओवणे घातकच. दूरच्या सफरीसाठी उघडी तार अधिक भरवशाची. दोर घेतल्यास तो वारंवार तपासून ठरावीक काळाने बदलावा. अंगावर बांधलेल्या सुरक्षापट्ट्याची दोरी मात्र दोन्हींपैकी कशालाही अडकवू नये. त्यासाठी डेकवर वेगळी पट्टी ताणतात.