भीड कुणाची चेपते?

भिणं आणि राखणं या दोन गोष्टी पाणिनीने एकाच सूत्रात बसवल्या आहेत. ‘भी’ म्हणजे भिणे आणि ‘त्रा’ म्हणजे राखणे, अशा अर्थाचे धातू आले की भयाचं जे कारण असेल त्याला अपादान समजून पंचमी लावावी, असं तो अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात सांगतो. जुने टीकाकार उदाहरणाला चोर आणि लांडगे घेतात. चोरापासून भितो, चोरापासून राखतो. मराठीने यातली अर्धी व्यवस्था मोडीत काढली. आपण वाघापासून भीत नाही, वाघाला भितो. राखण्याच्या बाजूला मात्र ‘पासून’ शाबूत आहे. ज्याला आपण सरसकट पॉक्सो म्हणतो त्या कायद्याचं मराठी नाव ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ असं आहे. त्यातलं ‘पासून’ म्हणजे पाणिनीची तीच पंचमी. ज्याच्यापासून राखायचं तो नेमका कोण, हे ठाऊक असल्याशिवाय ती लावता येत नाही. घरोघरी घोटाळा होतो तो इथेच.

‘भी’चं खटलं मोठं आहे. भय, भीती, भित्रा, भ्याड हे तर झालेच, पण ज्याला पाहून भ्यावं तो भीम आणि ज्याने भीषण प्रतिज्ञा केली तो भीष्म, हे दोघेही त्याच घरातले. दूरच्या लिथुआनियन भाषेतही भिण्याला ‘बियोती’ म्हणतात. ‘त्रा’चं मात्र मराठीत गंमतशीर झालं. संस्कृतात त्राण म्हणजे रक्षण. आपण म्हणतो, ‘चालून चालून अंगात त्राण उरलं नाही.’ बाहेरून कुणी करायचं रक्षण आपण अंगातल्या ताकदीवर नेऊन ठेवलं.

ताकद नसलेल्या पोराने काय करावं? ते बिचारं ‘त्रास’ म्हणतं. हा शब्द जरा जवळून पाहण्यासारखा आहे. संस्कृतात त्रास म्हणजे दचकून थरथरणं, धडकी भरणं. इंग्रजी ‘टेरर’ लॅटिनमधल्या ज्या शब्दापासून आला, तो याचाच भाऊबंद. मराठीत येईपर्यंत त्यातली थरथर पार आटली. गुडघ्याचा त्रास, डासांचा त्रास, ‘उगाच कशाला त्रास घेतलात, चहा नको होता.’ आता सहा-सात वर्षांचं पोर स्वयंपाकघरात येऊन आईच्या गाउनचं टोक पिळत म्हणतं, ‘तो दादा मला त्रास देतो.’ त्याच्याकडे याहून दुसरा शब्द नसतो. आई पोळी उलटता उलटता म्हणते, ‘तूच काहीतरी खोडी काढली असशील.’ पोराने शब्द जुन्या अर्थाने वापरला, आईने नव्या अर्थाने ऐकला. गॅस बंद करून, त्याच्या उंचीला बसून ‘कसला त्रास?’ एवढं विचारलं असतं तर संभाषण पुढे गेलं असतं.

शरीराला मात्र मूळ अर्थ चांगला कळतो. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. या सगळ्याच्या आधीची, कारण सांगता न येणारी जी एक चाहूल असते तिला आपल्याकडे ‘मनात पाल चुकचुकली’ म्हणतात. अमेरिकेत गॅव्हिन डी बेकर नावाच्या सुरक्षातज्ज्ञाने १९९७ साली ‘द गिफ्ट ऑफ फिअर’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा, की खरी भीती हा वेळेवर मिळालेला इशारा असतो, आणि माणसं सभ्यपणापायी तो इशारा झटकून टाकतात. पाल त्यांच्याकडेही चुकचुकते म्हणायची. ती चुकचुकल्यावर आपण काय करतो, हा खरा प्रश्न. आपण म्हणतो, ‘छे, काहीतरीच काय, इतक्या वर्षांचे संबंध आहेत!’

इथे येते ती भीड.

या शब्दावर माझा फार दिवसांचा डोळा आहे. हिंदीत भीड म्हणजे गर्दी. मराठीत ती गर्दी मनात शिरली. कुणाचं वय, कुणाचं नातं, कुणाचे उपकार यांचा मनावर येणारा दाब म्हणजे भीड. ‘भय’शी तिचं नातं लावायचा मोह होतो, उच्चारही तसाच आहे, पण मला ‘भिडणे’ अधिक जवळचं वाटतं, कारण भीड अंगाला भिडलेल्या माणसांचीच असते. अनोळखी माणसाची भीती वाटते, भीड कधीच वाटत नाही. भिडस्त, भीडभाड, भिडेखातर, भिडेपोटी अशी तिची प्रजा. ‘भीड भिकेची बहीण’ असं बजावणारी म्हणही आपल्याच लोकांनी केली, पण ती वापरली जाते ती पैसे उसने देताना.

मुलांना भीड आपण शिकवतो, आणि ती कशी शिकवतो हे कुठल्याही लग्नघरात बसून पाहावं. पाहुणे येतात. पोरगी आईच्या मागे लपते. ‘अगं, अशी काय करतेस? काकाच आहेत ना? दे बघू पापी.’ पोरगी मान फिरवते. आई ओशाळून हसते, ‘जरा बुजरी आहे हो.’ बुजणं हा खरं तर जनावराचा शब्द. घोडा बुजतो, बैल बुजतो, आणि समजदार गाडीवान अशा वेळी बैलाला चाबूक न मारता आधी पुढे रस्त्यात काय आहे ते बघतो. आपण पोरीला पुढे ढकलतो. बहुतेक काका भले असतात, पापी घेतात नि जेवायला बसतात. पण पोरगी त्यातून एवढं शिकते, की अंगाला नको वाटलं तरी मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं.

दुसऱ्या बाजूला भीड ‘चेपते’. लाजराबुजरा माणूस धीट झाला की आपण म्हणतो, त्याची भीड चेपली. मुलांवर हात टाकणारा बहुधा पायरीपायरीनेच पुढे सरकतो. आधी खांद्यावर हात, मग गुदगुल्या, मग खेळताना चुकून लागल्यासारखा स्पर्श, सगळं चारचौघांत, हसतखेळत. कुणी काही बोलतं का, याचा तो अंदाज घेत असतो. घरातली माणसं भिडेपोटी गप्प राहतात आणि तेवढ्यावर त्याची भीड चेपत जाते.

मग भीती आपण मुलांना दाखवतो ती कुणाची? बागुलबुवाची, गोणीवाल्याची, अंधाराची. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांवरील अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो झाला होता; महाराष्ट्र आणि गोवा त्यात होते. निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले निघाले. विश्वास शब्दात ‘श्वस्’ आहे, श्वास घेणं. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो तो विश्वासाचा. बागुलबुवा तर कुणाच्याच ओळखीचा नसतो.

आणखी एक खोड म्हणजे ‘जेव, नाहीतर पोलीस पकडून नेईल.’ ही धमकी देणाऱ्यांना माहीत नसतं, की पॉक्सोच्या २४व्या कलमाला अशा धमक्यांचे परिणाम निस्तरावे लागतात. मुलाचा जबाब घेताना पोलीस अधिकाऱ्याने गणवेशात असू नये, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, असं ते कलम सांगतं.

पोलिसांच्या मराठीत अशा गुन्ह्यांसाठी दोन ठरलेले वाक्प्रचार आहेत, ‘फूस लावून’ आणि ‘आमिष दाखवून’. यातलं आमिष अस्सल शिकाऱ्याचं आहे. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणूनच शाकाहाराला निरामिष म्हणतात. गळाला लावायचा मांसाचा तुकडा तो आमिष. पुढे तो चॉकलेट झाला, मोबाइलवरचा गेम झाला, आणि एकट्या पडलेल्या पोराच्या बाबतीत नुसता ‘मला तूच सगळ्यात आवडतोस’ एवढाही झाला. हा शेवटचा प्रकार ओळखणं सगळ्यांत अवघड, कारण तो घरच्यांनाही गोड वाटतो.

आमिषाच्या पाठोपाठ गुपित येतं. ‘हे आपलं दोघांचं गुपित हं.’ ‘गुप्’ या धातूचा अर्थ लपवणं असा आहे, तसाच राखणं असाही आहे. गोप म्हणजे गाई राखणारा, गोप्ता म्हणजे रक्षणकर्ता. राखायचं म्हणून झाकलेलं ते गुप्त. अत्याचारी माणूस झाकण्याचा भाग तेवढा घेतो आणि राखतो स्वतःला. कायद्याने हा धातू पुन्हा सरळ केला आहे. पीडित मुलाचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. ती गोपनीयता मुलासाठी आहे. वाढदिवसाच्या भेटीचं गुपित आणि अंगाला लावलेल्या हाताचं गुपित यांतला फरक पाच वर्षांच्या मुलाला सांगितला तर कळतो. पहिलं गुपित फुटलं की सगळे हसतात, दुसरं फुटायला नको म्हणून कुणीतरी धमकावत असतं.

राखणारा आणि खाणारा यांची अशी सरमिसळ भाषेत नवी नाही. रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे. ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केलं आणि ते राखायला प्राणी निर्माण केले. त्यांतले जे ‘आम्ही राखू’ म्हणाले ते राक्षस झाले. रक्षक आणि राक्षस एकाच धातूचे. आपल्या शेतकऱ्यांनी तेच ‘कुंपणानेच शेत खाल्लं’ अशा शब्दांत सांगून ठेवलं. त्या मानाने वर्तमानपत्री ‘नराधम’ मला कुचकामी वाटतो. शब्द भारदस्त आहे, गीतेत आलेला आहे. पण बातमीत तो वाचला की डोळ्यांपुढे लाल डोळ्यांचा, पिंजारल्या केसांचा कुणीतरी उभा राहतो. मग शिकवणीचे सर, क्रीडाशिक्षक, गावाकडचा मामा यांच्याकडे कुणी त्या नजरेने बघतच नाही. शेजारीपाजारी सांगतात, ‘हो, पण माणूस फार चांगला होता.’ होताच. चांगला दिसल्याशिवाय त्याचं काम भागत नाही.

गुन्ह्याला नाव देतानाही आपण असेच घसरतो. ‘अब्रू लुटली’ म्हणताना फारसीतलं चेहऱ्याचं पाणी आपण बाईच्याच चेहऱ्यावरून उतरवतो. ‘विनयभंग’ तर १८६० च्या दंडसंहितेपासून आजच्या भारतीय न्याय संहितेपर्यंत चालत आला आहे. विनय म्हणजे मुळात शिस्त. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा ग्रंथ तो विनयपिटक. मग हात टाकला त्याने, शिस्त मोडली त्याची, आणि विनय भंगला तिचा? याहून सरळ शब्द १६४६ साली मराठी कागदावर होता. रांझे गावच्या पाटलाविषयीच्या शिवाजी महाराजांच्या पत्रात त्याचा गुन्हा ‘बदअमल’ म्हणून नोंदला आहे. तो बाईवरचा अत्याचार होता असं परंपरा मानते. शिक्षा हातपाय तोडण्याची झाली. बद म्हणजे वाईट, अमल म्हणजे कृती किंवा सत्ता. करणाऱ्याची वाईट करणी, एवढंच त्या शब्दात आहे. ज्याच्यावर ती झाली त्याच्या अंगाला त्यातलं काही चिकटत नाही.

मुलांच्या बाबतीत तर नावापासूनच सुरुवात आहे. पॉक्सोच्या २६व्या कलमानुसार मुलाचा जबाब ते बोलेल तसाच, त्याच्या आईवडिलांसमोर किंवा त्याचा विश्वास असलेल्या माणसासमोर लिहून घ्यायचा असतो. मूल बोलणार कोणत्या शब्दांत? नाक, कान, ढोपर, कोपर सगळं त्याला पाठ असतं. चड्डीच्या आतल्या भागाला घरात ‘शेम शेम’ म्हणतात. म्हणजे अवयवाचं नावच लाज! पुस्तकातला ‘गुप्तांग’ अर्थाने बरा आहे, त्यातला ‘गुप्’ राखणारा आहे, पण चार वर्षांच्या जिभेला तो पेलत नाही. ‘शूची जागा’, ‘शीची जागा’ हे शब्द त्याला पेलतात, आणि ते न लाजता उच्चारायची सवय आंघोळ घालता घालता लावता येते. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ऐवजी आता पुष्कळ शिक्षिका ‘सुरक्षित, असुरक्षित’ म्हणतात, तेही पटण्यासारखं आहे. कारण वाईट म्हटलं की मुलाला आपणच वाईट वागलो असं वाटतं, आणि गोंजारणारा हात दर वेळी वाईट लागतोच असं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर म्हणजे तर नुसते आकडेच, तो ‘दहा, नऊ, आठ’ असा उलट मोजणीसारखा पाठ करून घ्यावा. घरात कुणाशी बोलायची भीड वाटली, तर मूल निदान तो फिरवू शकेल.