केशवराव भोसले : गायक नट आणि नाटकमंडळीचा धनी

ता. ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ज्या नटाचे नाव त्या वास्तूने धारण केले होते, त्याचा जन्मदिवस दुसऱ्याच दिवशी होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ च्या सुमारास ‘पॅलेस थिएटर’ या नावाने उभारलेले हे नाट्यगृह पुढे १९५७ साली केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्यासाठी साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली, ती यथायोग्यच होती. परंतु ज्याचे नाव जळाले तो पुरुष कोण होता, असे कोणी विचारले, तर आमच्यातील बहुतेक सुशिक्षितांचे उत्तर एवढेच असते, की ते बालगंधर्वांचे प्रतिस्पर्धी. हे उत्तर खोटे नाही. अपुरे मात्र आहे, आणि केशवरावांवर त्याने थोडाबहुत अन्यायही केला आहे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरास झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची. पाटीवर अक्षरे गिरविण्याच्या वयातच हा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला, आणि शाळेत जे शिकायचे ते सारे तो तालमीत शिकला. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी पैशासाठी जिचे लग्न ठरविले जाते, त्या अजाण शारदेची भूमिका बालवयातील केशवरावांच्या वाट्यास आली आणि तिने त्यांचे नाव केले. त्यांच्या सुरेल, उंच आणि धारदार आवाजाचे श्रेय त्यात आहेच. तथापि वडीलधाऱ्यांच्या निर्णयाने ज्यांचे बालपण संपते अशा लेकरांचे दुःख या मुलाला पुस्तकांतून शिकावे लागले नसेल, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

मंडळीतील नट लोकप्रिय झाला, की तो आयुष्यभर कोणाच्या तरी पदरी राहून गात असे, हा त्या काळचा सामान्य क्रम. केशवरावांनी तो मोडला. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी स्थापन केली. त्या दिवशी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गात जी मुले बसतात, त्यांच्याएवढाच हा तरुण. मंडळी म्हणजे केवळ नट नव्हेत. बिऱ्हाड, आचारी, साजिंदे, कपडेपट, सामानसुमान, सावकार आणि गावोगावचा मुक्काम, एवढा सारा संसार तिच्यामागे असे. तो सांभाळून त्यांनी स्वतःचे गाणेही वाढविले. रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या गवयाची तालीम घेतली. धनी झाल्यावर शिकणे थांबविणारे पुष्कळ असतात. केशवराव त्यांतले नव्हते.

परंतु केशवरावांची खरी योग्यता आम्हाला दुसऱ्याच ठिकाणी दिसते. त्यांच्यासारखा गळा लाभलेल्या नटाला नाटक कोणतेही चालले असते. प्रेक्षक पदे ऐकावयास येत. कथानक पौराणिक असो वा काल्पनिक, ‘वन्स मोअर’ मिळाला म्हणजे प्रयोग साधला, अशी समजूत रूढ होती. असे असता १९१६ साली त्यांनी मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ रंगभूमीवर आणले. विषय हुंड्याचा, म्हणजे प्रेक्षागृहात खुर्च्यांवर बसलेल्या गृहस्थांच्याच घरचा. पुढे १९१९ मध्ये ‘संन्याशाचा संसार’ आले, त्यात धर्मांतराचा आणि धर्मात परत घेण्याचा प्रश्न. आपल्या गळ्याच्या लौकिकावर जमलेल्या प्रेक्षकांस असे प्रश्न ऐकवावयाचे, हे धाडस गायकाचे नव्हे. ते नाट्यसंस्थेच्या सूत्रधाराचे. दृश्यांच्या बाबतीतही त्यांनी हीच नजर ठेवली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी त्यांच्या मंडळीसाठी पडदे रंगविले. हेच बाबूराव पुढे १९२० साली ‘सैरंध्री’ हा बोलपट येण्यापूर्वीच्या काळातील गाजलेला मूकपट काढून चित्रपटसृष्टीत अग्रेसर झाले. प्रेक्षकाने कान तृप्त करून घ्यावेत, डोळ्यांनीही काही पाहावे आणि घरी जाताना काही विचार घेऊन जावे, असा हा त्रिविध आग्रह होता.

या आग्रहाबरोबर मनाचा मोठेपणाही होता, याची साक्ष ८ जुलै १९२१ च्या रात्रीने दिली. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवरावांचा. दोघेही स्वतंत्र मंडळ्यांचे धनी, दोघांचेही चाहते एकमेकांस पाण्यात पाहणारे. स्त्रीभूमिकांनी नाव मिळविलेल्या केशवरावांनी त्या रात्री पुरुषवेष पत्करून दुसऱ्याच्या नायिकेसमोर उभे राहावे, यात त्यांच्या लौकिकास काही थोडा धोका नव्हता. नाटकाचे नाव ‘मानापमान’; पण मानापमानाचा हिशेब त्या रात्री निदान पडद्यामागे तरी कोणी मांडला नाही. आपापसांतील चढाओढ राष्ट्रकार्याच्या पायाशी ठेवण्याचे असे उदाहरण आमच्या विद्वानांच्या परिषदांतही विरळाच आढळते, हे एका प्राध्यापकाने कबूल केलेले बरे.

यानंतर तीन महिनेही पुरते झाले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव विषमज्वराने कालवश झाले. गळा गेला, त्याच्याबरोबर मंडळीही जावयाची, असेच कोणासही वाटले असते, कारण एका नटाच्या नावावर चाललेल्या कितीतरी मंडळ्या त्या नटाबरोबरच संपल्या होत्या. ललितकलादर्श मात्र संपली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती हाती घेतली आणि १९२२ साली वरेरकरांचेच ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. बापूरावांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तिला पुन्हा उभे केले, आणि ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ ही नाटके स्वातंत्र्योत्तर काळातील पिढ्यांपर्यंत पोहोचविली.

नटाच्या कर्तृत्वाचे माप आम्ही बहुधा त्याच्या उत्कृष्ट रात्रींवरून घेतो, आणि त्या रात्री पाहिलेले लोक गेले म्हणजे माप घेण्याचे साधनच उरत नाही. केशवरावांच्या बाबतीत तसे साधन उरले आहे. आपण नसताना आपली मंडळी कशी चालली, ही धन्याची कसोटी. तिला ते पूर्णपणे उतरले. जळालेले नाट्यगृह पुन्हा उभारता येते. त्यास त्यांचे नाव पुन्हा देताना त्या नावाचा हा दुसरा अर्थही पुढील पिढीस सांगितला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.