हे मोजलं कोणी?



परवा जेवताना आमच्याकडे जरा वादच झाला. पुण्याहून आलेले माझे दीर फोनवर फिरत आलेला एक तक्ता वाचून दाखवत होते. अमेरिकेत कुठल्या वंशाचे लोक किती गुन्हे करतात, वगैरे. "वहिनी, आकडे आहेत हो, मी नाही म्हणत!" असं त्यांचं चाललं होतं. आठवीतली लेक ताटातून मान वर न करता म्हणाली, "काका, पण हे मोजलं कोणी?" भाऊजींनी आमटी मागितली आणि विषय बदलला.

लेकीच्या डोक्यात हा प्रश्न आला, कारण ती सध्या शाळेसाठी आयडा बी. वेल्स या बाईंवर प्रोजेक्ट करते आहे. मला नावापलीकडे काही माहीत नव्हतं. तिच्यामुळे वाचलं आणि वाटलं, तुम्हालाही सांगावं.

आयडा 1862 साली मिसिसिपीत गुलामगिरीतच जन्मली. सोळाव्या वर्षी पीतज्वराच्या साथीत आई-वडील दोघंही गेले. धाकट्या भावंडांसाठी तिने शाळेत शिकवायला सुरुवात केली. पुढे मेम्फिसला आली आणि 'फ्री स्पीच' नावाच्या छोट्या वर्तमानपत्राची भागीदार झाली.

मेम्फिसमध्ये टॉमस मॉस नावाचा तिचा मित्र होता. दिवसा पोस्टमन, संध्याकाळी किराणा दुकानदार. 'पीपल्स ग्रोसरी' हे दुकान काळ्या लोकांनी मिळून काढलेलं, आणि समोर एका गोऱ्याचं जुनं दुकान. गिऱ्हाईक वाटलं गेलं, तेव्हाच खरं दुखणं सुरू झालं. निमित्त मात्र झालं पोरांच्या गोट्यांच्या खेळातल्या भांडणाचं. त्यात मोठे पडले, मारामारी झाली, गोळ्या चालल्या, मॉस आणि त्याचे दोन साथीदार तुरुंगात गेले. 9 मार्च 1892 च्या पहाटे जमावाने तिघांना तुरुंगातून ओढून नेऊन गावाबाहेर गोळ्या घातल्या. खटला नाही, शिक्षा नाही. आयडा मॉसच्या मुलीची गॉडमदर होती, म्हणजे हे घरातलंच मरण.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते यापुढचं. आयडाने आत्मचरित्रात कबूल केलंय की तोवर तिचाही त्या नेहमीच्या कारणावर विश्वास होता. लिंचिंग वाईटच, पण बायकांवर अत्याचार झाला की लोकांचा राग अनावर होतो, मारला गेलेला कदाचित त्याच लायकीचा असेल. तिलाही, स्वतः काळ्या असलेल्या पत्रकार बाईला, असंच वाटायचं! पण मॉसवर तर तसा आरोपसुद्धा नव्हता. मग बाकीच्यांचं काय?

म्हणून तिने मोजायला घेतलं. 'शिकागो ट्रिब्यून' हे गोऱ्यांचं वर्तमानपत्र दरवर्षी लिंचिंगची यादी छापत असे. आयडाने मुद्दाम तेच आकडे घेतले, म्हणजे अतिशयोक्ती केली असं कुणाला म्हणता येऊ नये. आठ वर्षांत मारल्या गेलेल्या 728 काळ्या लोकांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोकांवर बलात्काराचा नुसता आरोप होता. सिद्ध होणं तर दूरच. 1895 च्या 'अ रेड रेकॉर्ड' या पुस्तिकेत तिने याद्याच छापल्या: नाव, तारीख, गाव आणि कारण. 1892 या एका वर्षात 241 माणसं मारली गेली, त्यात 160 काळी, आणि त्यांतल्या 5 बायका. कारणांच्या रकान्यात 'गोऱ्यांचा अपमान' आहे, 'कारण अज्ञात' आहे आणि चक्क 'काही गुन्हा नाही' असंही आहे.

अर्थात हे तिला भोवलं. मे 1892 मध्ये ती बाहेरगावी असताना तिच्या वर्तमानपत्राची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली, परत आलीस तर जीव घेऊ अशी धमकी मिळाली. ती उत्तरेतच राहिली. मेम्फिसमधली हजारो काळी माणसंही त्या वर्षी गाव सोडून पश्चिमेकडे निघून गेली. पोटासाठी घर सोडणं आपल्याला कळतं. हे जिवासाठी सोडणं होतं.

1893 मध्ये ती ब्रिटनला व्याख्यानांसाठी गेली. तिला बोलावण्यात पुढाकार घेतलेल्या कॅथरीन इम्पी या बाई जे मासिक काढत, त्याचं नाव होतं 'अँटी-कास्ट'. जातीविरुद्ध! वंशभेदाला त्यांनी आपल्याकडचाच शब्द लावला होता. त्याच वर्षांत आपले दादाभाई नवरोजी तिथल्या पार्लमेंटात खासदार होते. दादाभाईंनीही हेच केलं होतं ना? सरकारच्याच कागदपत्रांवरून हिशेब मांडून दाखवला, की हिंदुस्थानात माणशी वर्षाचं उत्पन्न 20 रुपये पडतं.

आता तुम्ही म्हणाल, हे काळ्या-गोऱ्यांचं भांडण, आपण मध्ये कुठे? मार्च 1891 मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने 11 इटालियन स्थलांतरितांना मारलं. इटलीच्या सरकारने आवाज उठवला आणि अमेरिकेला भरपाई द्यावी लागली. मॉसच्या बाजूने बोलायला कुठलं परदेशी सरकार नव्हतं. आणि 4 सप्टेंबर 1907 ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आपल्या लोकांच्या राहत्या जागांवर जमाव चालून गेला आणि त्यांना गावातून हुसकावलं. बहुतेक सगळे शीख होते, पण तिथले पेपर सरसकट 'हिंदू' लिहायचे. म्हणजे 'त्या लोकांच्या' रकान्यात आपणही बसून आलो आहोत. विसरलोय इतकंच.

परत भाऊजींच्या तक्त्याकडे येते. असे तक्ते बरेचदा अटकांच्या आकड्यांवरून केलेले असतात, आणि अटक म्हणजे गुन्हा नव्हे. पोलीस कुठे उभे राहिले, कुणाला थांबवलं, तेही त्यात मोजलं जातं. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने 2013 मध्ये गांजाच्या अटकांचा हिशेब मांडला. ओढण्याचं प्रमाण काळ्या-गोऱ्यांत जवळपास सारखंच, पण 2010 मध्ये अटक होण्याची शक्यता काळ्या माणसाला पावणेचार पट जास्त! नुसता अटकांचा तक्ता पाहिला असता तर आपण काय समजलो असतो?

आयडा 1931 मध्ये वारली. लिंचिंगविरुद्धचा केंद्रीय कायदा व्हायला 2022 उजाडलं. पुलित्झरचा विशेष सन्मान तिला 2020 मध्ये मिळाला, म्हणजे मरणानंतर 89 वर्षांनी.

लेकीने प्रोजेक्टच्या फलकावर 1892 मधल्या काही नावांचा तक्ता हाताने लिहिलाय. भाऊजी काल चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मग विचारलं, "हा 'काही गुन्हा नाही'चा रकाना खरंच त्यांच्याच पेपरात होता?" ती म्हणाली, हो. पुढच्या गुरुवारी शाळेत तिचं सादरीकरण आहे. भाऊजी तोवर इथेच आहेत, येतो म्हणालेत.