कृषी पर्यटन केंद्रातील पोहण्याचा तलाव : हिरवे पाणी पुन्हा स्वच्छ कसे करावे?

राधानगरी, दाजीपूर परिसरात जंगल आणि धरण पाहायला येणाऱ्या पर्यटकांसाठी काही शेतकऱ्यांनी घराशेजारी पोहण्याचा छोटा तलाव बांधला आहे. पावसाळ्यात पाहुणे कमी, वीज वारंवार जाते, त्यामुळे फिल्टर बंद राहतो. पाऊस उघडल्यावर पाणी हिरवेगार झालेले, तळाशी पालापाचोळा आणि गाळ साचलेला दिसतो. अशा वेळी दोन चुका हमखास होतात : घाईने तलाव रिकामा करणे किंवा एकदम भरपूर ब्लिचिंग पावडर टाकणे. बहुतेक वेळा यांपैकी कशाचीच गरज नसते. कामाचा क्रम बरोबर असेल तर त्याच पाण्यात तलाव स्वच्छ होतो.

तलाव रिकामा का करू नये?

पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे जमिनीतील पाण्याची पातळी वर असते. भरलेल्या तलावाचे वजन भूजलाचा खालून येणारा दाब पेलते. तलाव रिकामा केला की हा दाब तळाला वर ढकलतो. तळ फुगतो, फरशी निघते, भिंतीला तडा जातो. दुरुस्तीसाठी रिकामा करावाच लागला, तर ते काम एप्रिल-मे महिन्यात करावे.

पहिला टप्पा : गाळ आणि कचरा काढणे

- काम सुरू करण्यापूर्वी तलावाभोवती दोरी बांधावी आणि मुलांना दूर ठेवावे. गढूळ पाण्यात बुडालेला माणूस काठावरून दिसत नाही.
- पाने, काटक्या लांब दांड्याच्या जाळीने काढाव्यात. हात घालू नये. पाचोळ्यात साप असू शकतो.
- भिंती ब्रशने घासाव्यात. सुटलेले शेवाळ तळाशी बसल्यावर पंपाने गाळासह बाहेर काढावे.
- औषध टाकण्यापूर्वीचे हे पाणी ऊस किंवा गवताला देता येते. मात्र पूर्वी तलावात मोरचूद वापरले असल्यास देऊ नये. हिरवे पाणी जनावरांना पाजू नये. काही प्रकारचे शेवाळ विषारी असते.

पाचोळा तसाच ठेवून क्लोरीन टाकल्यास ते कचऱ्यातच खर्च होते.

दुसरा टप्पा : सामू तपासणे

जास्त पावसाच्या, जांभ्या जमिनीच्या भागातील पाणी बहुधा मऊ असते. त्याचा सामू लवकर वरखाली होतो. तपासणी संच आणून सामू ७.२ ते ७.६ आणि अल्कलिनिटी, म्हणजे सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएम ठेवावी. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात ६०,००० लिटर पाणी असते. तेवढ्या पाण्यात १ किलो खाण्याच्या सोड्याने अल्कलिनिटी सुमारे १० पीपीएम वाढते.

तिसरा टप्पा : क्लोरीन देणे

उन्हात क्लोरीन लवकर उडून जाते, म्हणून ते सूर्यास्तानंतर द्यावे. पहिली मात्रा १० पीपीएम ठेवावी. ६०,००० लिटर पाण्यासाठी त्याचे प्रमाण असे :

- ३० टक्के क्लोरीन असलेली ताजी ब्लिचिंग पावडर : २ किलो
- १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट द्रावण : सुमारे ६ लिटर

दमट हवेत उघडी राहिलेली पावडर कमजोर होते. ताजी, बंद पिशवीतील पावडर घ्यावी. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घेऊन त्यात थोडी थोडी पावडर मिसळावी, अर्धा तास निवळू द्यावी आणि वरचे पाणी तलावात चारी बाजूंनी ओतावे. तळाचा चुना टाकू नये.

फिल्टर रात्रंदिवस चालवावा. दाबमापक नेहमीपेक्षा सुमारे ०.५ बारने वर गेला की उलट्या प्रवाहाने वाळू धुवावी. त्याआधी मोटरचे अर्थिंग तपासून घ्यावे.

अंधार पडल्यावर आणि पहाटे ऊन येण्यापूर्वी मुक्त क्लोरीन मोजावे. रात्रीत ते १ पीपीएमपेक्षा जास्त घटले, तर शेवाळ अजून जिवंत आहे असे समजावे आणि संध्याकाळी पुन्हा मात्रा द्यावी. बोअरच्या पाण्यात लोह असल्यास क्लोरीननंतर पाणी तपकिरी होते. अशा वेळी फक्त क्लोरीन वाढवून उपयोग नाही, पुढील टप्प्याने ते लोह खाली बसते.

चौथा टप्पा : तुरटीने पाणी निवळणे

शेवाळ मेल्यावर पाणी हिरव्याचे दुधाळ होते. ६०,००० लिटरला सुमारे २ किलो तुरटी विरघळवून द्यावी, थोडा वेळ ढवळून फिल्टर बंद ठेवावा. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेला साका फिल्टरमधून न नेता सरळ बाहेर काढावा. तुरटीने सामू उतरतो, म्हणून नंतर पुन्हा तपासावा.

गोदामात घ्यायची काळजी

शेतकऱ्याच्या गोदामात एकाच फळीवर सर्व काही असते, म्हणून हा धोका मोठा आहे.

- ब्लिचिंग पावडर युरिया, अमोनियमयुक्त खते, ॲसिड, डिझेल आणि कीटकनाशकांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावी. ॲसिड किंवा अमोनियाशी संबंध आल्यास विषारी वायू निघतो.
- क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत. स्फोट होऊ शकतो.
- तणनाशकाचा फवारणी पंप किंवा बादली यासाठी वापरू नये.
- हातमोजे आणि चष्मा वापरावा. उघड्यावर, वाऱ्याच्या पाठीमागून काम करावे.

सांडपाणी कुठे सोडावे?

क्लोरीनयुक्त पाणी ओढ्यात सोडू नये. ते पुढे भोगावतीला मिळते आणि माशांना मारक ठरते. खड्ड्यात साठवून, संचाने क्लोरीन शून्य दाखवेपर्यंत उन्हात ठेवून मगच मोकळ्या जमिनीवर जिरवावे. शेवाळासाठी मोरचूद टाकण्याचा मोह टाळावा. तांबे पाण्यातून नाहीसे होत नाही, ते जमिनीत साठत जाते.

पाहुण्यांना कधी सोडावे?

खोल भागातील तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसावी, सामू ७.२ ते ७.६ असावा, मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर स्थिर असावे आणि रात्रीतली घट १ पीपीएमच्या आत असावी. या चारही गोष्टी जुळल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये, आरक्षण झालेले असले तरी.

पुढच्या पावसाळ्यात तलाव जाळीने झाकावा, वीज असेल तेव्हा फिल्टर रोज काही तास चालवावा आणि आठवड्यातून दोनदा क्लोरीन तपासावे. तेवढ्याने दिवाळीच्या तोंडावरची ही धावपळ वाचते.