सोंगाची कुळकथा: पोथीपासून मंडईपर्यंत

ग्रंथातील पात्राचा वेष अंगावर चढवून लोकांपुढे उभे राहण्याला मराठीत ‘सोंग घेणे’ किंवा ‘सोंग आणणे’ म्हणतात. हिंदीतील ‘स्वांग’ हा याच कुळातील शब्द होय. झोपेचे सोंग, आजाराचे सोंग अशा बोलण्यातून या शब्दाला आज लबाडीचा वास चिकटला असला, तरी त्याचा जुना व्यवहार लबाडीचा नव्हता, कारण वेषामागचा माणूस कोण हे सोंग घेणाऱ्याइतकेच पाहणाऱ्यालाही ठाऊक असे. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्यांच्या राजा-राणीचा जो दृष्टांत येतो, तो याच जाणिवेवर उभा आहे: लोकांपुढे राजा-राणीचे वागणे हुबेहूब वठवणाऱ्या त्या नटांच्या मनाला स्त्री-पुरुषभाव मात्र शिवत नाही. गहन तत्त्वविचार समजावण्यासाठी हा दाखला घेता आला, यावरूनच तेराव्या शतकातील श्रोत्यांच्या नित्य पाहण्यात बहुरूपी किती होते हे उघड होते.

या प्रथेचे एक जिवंत रूप गोंदिया जिल्ह्यात दिसते. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा भाग झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या रानझाडीच्या आणि धानाच्या मुलखात मोडतो. येथे दिवाळीच्या पाडव्यापासून पुढे गावोगावी पाळीपाळीने ‘मंडई’ भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, तर नातेवाइकांनी भरलेली घरे, दिवसा दुकाने आणि रात्री खेळ असा गावाचा वार्षिक मेळा. आणि त्या रात्रीच्या खेळांतील जुना मानकरी म्हणजे दंडार. दंडार हे गाणे, नाच आणि सोंगे यांनी बांधलेले झाडीपट्टीचे लोकनाट्य असून, तिच्या ज्या प्रकारात कथेतील एखादा प्रसंग उभा केला जातो, त्याला ‘परसंगी’ दंडार असे सार्थ नाव आहे. स्त्रीपात्रांची सोंगे परंपरेने पुरुषच घेत आले. याच सुमारास, 31 ऑक्टोबरच्या रात्री, आयर्लंड-स्कॉटलंडकडे मुले वेष पालटून दारोदार फिरतात. स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत जाऊन तेथे फोफावलेला हा हॅलोविनचा सण आणि मंडई यांचे नाते मुळीच नाही, पण दोन्हीकडे पीक घरात येण्याचा आणि रात्री लांबत जाण्याचाच हंगाम असतो, हा योग विचारात घेण्याजोगा आहे.

सोंगाला पात्रे पुरवली ती पोथीने, आणि पोथी ही बहुसंख्यांच्या बाबतीत वाचायची नसून ऐकायची वस्तू होती. श्रीधरस्वामींचे हरिविजय (1702), रामविजय (1703) आणि पांडवप्रताप (1712) हे ओवीबद्ध ग्रंथ चातुर्मासात देवळात किंवा ओसरीवर लावले जात, एकजण वाची आणि गाव ऐके; त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही रावणाचा गर्व आणि हनुमंताची उडी तोंडपाठ असे. मात्र शौर्य, शोक आणि स्वभाव यांबद्दल भरभरून बोलणारी पोथी धोतराचा काठ कोणता, मिशी किती वळलेली, याबद्दल फारसे सांगत नाही. ही मोकळी जागा ज्याने भरली तो सोंग सजवणारा कारागीर या कुळकथेचा खरा नायक आहे, आणि ग्रंथकारांच्या थोरवीपुढे त्याची नोंद कोणी ठेवली नाही, ही गोष्ट मनाला लागते. वनवासाला निघालेल्या रामाने वल्कले नेसली आणि जटा वळल्या असे रामायण सांगते. तरीही सोंगातल्या रामाला पुष्कळदा मुकुट चढतो, कारण गाव त्याला राजा म्हणूनच ओळखते आणि ओळख पटणे हीच सोंगाची पहिली अट असते.

5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा ही सोंगे नाटकाच्या पडद्यासमोर आली. त्या वळणाच्या नाटकांतील राक्षस आरोळ्या ठोकत प्रवेश करीत, म्हणून पुढे त्या नाटकांना ‘अललडुर्र’ असेच नाव पडले. 1894 मध्ये राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाल्यावर देवादिकांची रंगीत चित्रे घराघरांत पोहोचली आणि पात्राचे रूप ठरवण्याचा कारागिराचा अधिकार बऱ्याच अंशी चित्राकडे गेला. पश्चिमेतही असेच घडले. मेरी शेली यांच्या 1818 च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीतील जीवाला पिवळी कातडी आणि लांब काळे केस आहेत. हॅलोविनला मुले घेतात ते चपट्या माथ्याचे आणि मानेत खिळे ठोकलेले सोंग मात्र 1931 च्या चित्रपटाचे रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी घडवले.

आता शाळांच्या वेषभूषा स्पर्धांतून छापील पुस्तकांतील पात्रे येऊ लागली आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उभा करायला सायकल आणि जिभेने काढलेला ‘ट्टॉक’ एवढे पुरते. म्हणजे येथेही वस्त्रापेक्षा खूणच मोठी ठरते. झाडीपट्टीत नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्यांचा व्यवसाय ‘ड्रेपरी’ या नावाने ओळखला जातो आणि तयार मुकुट, गदा, दाढ्या पेटीतून निघतात. रावणाची नऊ जास्तीची तोंडे पुठ्ठ्यावर रंगवलेली असतात, एका बाजूस चार आणि दुसऱ्या बाजूस पाच, आणि मध्ये सफेदा, काजळ, शेंदूर यांनी रंगवलेला माणसाचा खरा चेहरा. झाडीबोलीत ‘ण’ हा उच्चार नसून त्याच्या जागी ‘न’ येतो. त्यामुळे ते दहावे तोंड उघडते तेव्हा श्रीधरस्वामींच्या पोथीतला रावण मंडईच्या उजेडात स्वतःची ओळख ‘रावन’ अशी करून देतो, आणि समोर बसलेल्यांना ती पुरेपूर पटते.